हात ठेवून बसा

मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, नवी पेठेच्या मागच्या बोळात एक रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून आधी एक लोखंडी पेटी उतरली, मग माणसं. कल्लप्पानं पेटी आधी ओळखली, माणसं नंतर.

कल्लप्पाचं दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. एक टेबल, एक स्टूल, भिंतीभर डबे. पन्नास वर्षं त्यानं तिथं बसून रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त केले. आता असल्या वस्तू घेऊन फारसं कुणी येत नाही. एखाद्या मठाचा, एखाद्या भजनी मंडळाचा जुना सेट आला तर आला. पण सकाळी आंघोळ, लिंगपूजा झाली की दुकानाचं शटर वर करायचं, ही सवय काही सुटली नव्हती.

"शरणु, अक्का," तो उठून उभा राहिला.

"शरणु, तम्मा." दाक्षायणी त्याला धाकट्या भावासारखं तम्माच म्हणायची. ती स्टुलावर टेकली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. तिच्यामागून तिचा मुलगा शिवराज पेटी पोटाशी धरून आत आला.

"काका, वजन बघा की! आत दगड भरून ठेवलेत काय?" त्यानं पेटी टेबलावर ठेवली आणि कंबर धरली. "मी नवा स्पीकर आणला, मोबाईलवर सगळी वचनं लावून दिली. बाबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं."

"अण्णांचं कसं हाय, अक्का?"

"हाय तसंच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलतोय." ती पेटीकडं बघत राहिली. "त्यांला ह्यातलाच आवाज पायजे. पण आता लावली की नुसती घूं घूं करतीया. जळका वास येतोय. आणि डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. घरीच ठेवा म्हणजे काय ते कळतंय न्हवं तुला?"

कल्लप्पानं मान हलवली.

"जायच्या आधी एकदा कानावर पडू दे, तम्मा. तेवढंच. दुसरं काय मागत न्हाय."

"बुधवारी देतो, अक्का," कल्लप्पा म्हणाला. तो सावकाश बोलायचा आणि बोललं की पाळायचा. सगळ्या पेठेत त्याची ख्याती होती तशी.

रिक्षा जुळे सोलापूरच्या रस्त्याला लागली आणि कल्लप्पा पेटीसमोर बसला. ती त्याच्याच हातची होती. चाळीस वर्षांपूर्वी एका गिरणीच्या करमणुकीच्या हॉलमधलं सामान निघालं, त्यात हा काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. दाक्षायणीचा नवरा शंकरप्पा त्याच गिरणीत कारकून. त्याला शरणांच्या वचनांचं, त्या भक्तिगीतांच्या तबकड्यांचं भारी वेड. त्यानं तो सेट घेतला आणि कल्लप्पानं तो घरात वाजेल असा बसवून दिला. वाजायचा झकास, पण मागं एक बारीक हम राहिला होता. डास कानाशी घोंघावावा तसा. शंकरप्पा तक्रार घेऊन दोनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा लगीनसराई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कल्लप्पानं मान वर न करताच सांगितलं होतं, "हम येतोय व्हय? मग पेटीवर हात ठेवून बसा की. जातोय हम."

खोटं नव्हतं ते. माणसाचा हात लागला की तसला हम जातो. पण ती दुरुस्ती नव्हे. ती पळवाट होती.

शंकरप्पा सरळ माणूस. डॉक्टरनं गोळी सांगावी तसं त्यानं ते ऐकलं आणि परत कधी तक्रार घेऊन आला नाही. पुढं कुठं लग्नाबिग्नात भेटला की हसून म्हणायचा, "कल्लप्पा, हात ठेवला की बरं वाटतं बघा. जरा झिणझिण होतं, पण सोबत असल्यासारखं वाटतं." कल्लप्पाला दर वेळी वाटायचं, एकदा बोलवून घ्यावं, नीट करून द्यावं. ते राहूनच गेलं. चाळीस वर्षं म्हणजे काय मोठीशी, बघता बघता जातात.

त्यानं पेटीवरचं फडकं काढलं आणि हातातलं काम हातात राहिलं. पेटीचा रंग राखाडी, अजून धड होता. फक्त वरच्या बाजूला, डावीकडं, रंग उडून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. उंबऱ्याची पितळी पट्टी पायांनी झिजून गुळगुळीत होते तसं. तळवा होता. पाच बोटं होती. अंगठ्याची जागा सुद्धा बरोबर.

कल्लप्पानं त्यावर हात ठेवला नाही. का ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

---

त्याच्या उस्तादानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. उघड्या सेटवर काम करताना एक हात खिशात, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही. आणि लोखंडाला शिवायचं तर उलट्या हातानं, तळव्यानं कधी नाही. तळव्यानं धरलं आणि झटका बसला तर मूठ आवळते, माणूस सोडू म्हणतो आणि सोडता येत नाही. त्यात कल्लप्पानं स्वतःची एक सवय मिळवली होती. डाव्या हाताच्या मधल्या बोटानं पेटीवर दोनदा ठोकायचं, टक टक, आणि कान लावायचा. आत कुठं सैल जोड असला की तो खरखरून उत्तर देतो. इतकी वर्षं ठोकून ठोकून ते बोट आता जेवणाच्या ताटावर, देवळाच्या कठड्यावर, कुठंही आपलं आपण चालायचं.

मंगळवारी त्यानं पेटी एका बाजूवर उभी करून खालचा पत्रा काढला. आत मेणाचा, धुळीचा, तापलेल्या तांब्याचा वास. सेट बंद असला तरी मोठ्या कंडेन्सरमधे वीज साठून राहते, म्हणून आधी ती दिव्यातून सोडून द्यावी लागते. त्यानं दिव्याच्या दोन तारा लावल्या. दिवा क्षणभर पेटला आणि मान टाकावी तसा विझला.

मोठे दोन कंडेन्सर फुगून पाझरले होते. ते काढले, नवे बसवले. मेणाच्या कागदाचे बारके होते, ते सगळे बदलले. राळेचा धूर डोळ्यांत गेला. दुपारी सेट चालू केला आणि लाल दिवा लागला, व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. मोठी घूं घूं गेली होती.

तेवढ्यात शेजारचा धोंडीराम दोन कप चहा घेऊन आला. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आणि तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं.

"झालं का तुमचं बाळंतपण?"

"बघायचंय," कल्लप्पा म्हणाला आणि आत जाणाऱ्या तारेच्या टोकाला त्यानं डाव्या हाताचं बोट लावलं. स्पीकरमधून 'भूंऽऽ' असा जाड आवाज आला. ही त्याची जुनी परीक्षा. माणसाचं अंग हवेतली वीज ओढून घेतं आणि बोट लावलं की स्पीकरमधून तेच बोलतं. बोट लावून सेट भुंकला म्हणजे वाट मोकळी आहे.

"मी लावू का बोट?" धोंडीरामनं विचारायच्या आधीच लावलं. 'भूंऽऽ'. तो खूश झाला. "बघा! आमची मंडळी उगंच म्हणतीया तुमच्यात काय राहिलं न्हाय म्हणून. लई करंट हाय की अजून!"

कल्लप्पा हसला. धोंडीराम कप घेऊन गेला आणि मग त्या शांततेत तो जुना बारीक हम ऐकू यायला लागला. तोच. चाळीस वर्षांपूर्वीचा.

या वेळी कल्लप्पानं मान वर केली, चष्मा पुसला आणि मूळ शोधलं. बाहेरची वीज पेटीत शिरते तिथं, वायर आणि पेटीचं लोखंड यांच्यामधे एक बारका कंडेन्सर होता. त्याला चीर गेली होती. त्याच्यातून थेंब थेंब वीज पेटीच्या अंगावर झिरपत होती. हमही त्याचाच आणि ती झिणझिणही. तसला कंडेन्सर त्याच्या डब्यांत नव्हता. त्यानं कागदावर नंबर लिहून घ्यायला पेन्सिल उचलली.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मे महिन्यातली सोलापूरची दुपार. बोळात कुत्रं सुद्धा नव्हतं. पत्र्यावर ऊन तडतडत होतं, आणि त्या उन्हात हम थांबला.

हळूहळू विरला असता तर गोष्ट वेगळी. तो हात ठेवल्यावर थांबतो तसा थांबला. पटकन, गप्प.

कल्लप्पानं आपले हात बघितले. एक खिशात होता. दुसऱ्यात पेन्सिल होती.

त्यानं मीटर लावून वीज बघितली, बरोबर होती. व्हॉल्व्ह तांबूस होते, लाल दिवा जळत होता. दहा-बारा मिनिटांनी हम पुन्हा सुरू झाला, मधे काही झालंच नाही अशा थाटात. आणि पाचएक मिनिटांनी फोन वाजला.

"तम्मा, आज नवल झालं बघ," दाक्षायणी सांगत होती. "पडल्या पडल्या त्यांनी डावा हात गादीवर पसरला. असा पालथा, बोटं फाकवून. आणि दाबून धरला. तोंडावर कसं समाधान... गाणं ऐकल्यासारखं. दहा मिनटं झाली असतील. मग सोडला."

"किती वाजता, अक्का?"

"तीन वाजून गेलते. का रे?"

"काय न्हाय," कल्लप्पा म्हणाला. "सहज विचारलं."

---

बुधवारी कंडेन्सर मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, उद्या पुण्याच्या मालात येतोय. अकरा वाजता दाक्षायणीचा फोन आला.

"आज देतोस न्हवं?"

"अक्का, एक दिवस. एक बारकी वस्तू ऱ्हायलीया. जरा हम येतोय."

"येऊ दे की रे. हम असला तरी चालंल. ते ठेवतील की हात."

चाळीस वर्षांपूर्वी कल्लप्पानं तसाच दिला होता. आता परत तसाच द्यायचा? मरणाऱ्या माणसाला परत सांगायचं, हात ठेवून बसा? "उद्या," तो म्हणाला. "उद्या नक्की. स्वतः घेऊन येतो."

हे त्याचं चुकलं. पुढं त्याच्या मनानं हे त्याला पुष्कळदा सांगितलं. पण कारागिराचा हट्ट असतो, आणि चांगुलपणाचा हट्ट सगळ्यात वाईट.

त्या दुपारी तो घड्याळ बघत बसला. तीन दहाला हम थांबला. कल्लप्पा उठला आणि उलटा हात त्या झिजलेल्या जागेजवळ घेऊन गेला. व्हॉल्व्हच्या आचेनं सगळी पेटी पोळत होती, पण तेवढी हाताएवढी जागा गार होती. माठाच्या बुडासारखी. आणि वास येत होता. औषधाचा, पावडरीचा, खिडक्या बंद ठेवलेल्या आजाऱ्याच्या खोलीचा.

"अण्णा...?" तो हळूच म्हणाला.

थोड्या वेळानं हम परत आला आणि लोखंड हळूहळू तापत गेलं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता कंडेन्सर त्याच्या खिशात होता. पण समोरच्या दुकानदाराच्या नातवाचं बारसं, तिथं दोन घास खाणं झालं, आणि कल्लप्पा टेबलाशी बसला तेव्हा तीन वाजायला आले होते. त्याला वाटलं, दहा मिनिटं थांबावं. अण्णांचं रोजचं होऊन जाऊ दे, मग काढू. सेट चालू केला, सोल्डरिंग तापत ठेवलं.

तीन दहा. हम थांबला.

सव्वातीन. साडेतीन. कल्लप्पा मांडीवर हात ठेवून बसला होता. सोल्डरिंगच्या टोकावर राळ जळून काळी पडली. हात पेटीवर असताना वायर तोडायची कशी? पावणेचार झाले. हम काही परत येईना.

फोन वाजला तो शिवराजचा होता.

"काका... बाबा गेले. साडेतीनला."

कल्लप्पा उठला. सोल्डरिंगचा प्लग त्यानं काढला, पन्नास वर्षांची सवय. पण पेटीकडं मात्र त्यानं बघितलं नाही. शटर ओढलं, कुलूप घातलं आणि तो भर उन्हात रिक्षा शोधत निघाला. आत लाल दिवा जळतच राहिला.

---

अक्कलकोटचे पाहुणे यायचे होते, म्हणून माती शुक्रवारी सकाळी ठरली. कल्लप्पा गुरुवारी उशिरापर्यंत त्या घरात बसून होता, पण शंकरप्पाच्या अंगावर गळ्यापर्यंत शाल होती. शुक्रवारी आंघोळ घालायला ती काढली, तेव्हा लोकांना दिसलं.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, आणि आयुष्यभर ज्या डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केली, त्याच तळहातावर लिंग ठेवून पाठवतात. शंकरप्पाला पाटावर बसवलं होतं, मागं भिंतीचा आधार. कपाळभर विभूती. मांडी नीट घातली गेली. मान, उजवा हात, सगळं अंग सैल झालं होतं. एक डावा हात तेवढा हवेत होता. गुडघ्याच्या वर वीतभर, पालथा, बोटं फाकलेली. खाली काहीच नव्हतं. पण काहीतरी दाबून धरल्यासारखा तो घट्ट होता.

"अंग ताठतं तसं," मठाचे स्वामी म्हणाले. "गरम पाण्याचा कपडा द्या."

कपडा दिला. तेल चोळलं. शिवराजनं आणि त्याच्या चुलतभावानं दोघांनी धरून तो हात उताणा करायचा जोर केला. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं.

"मोडू नका रे!" दाक्षायणी ओरडली. "मोडू नका त्यांला..."

बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, इच्छा राहिली असंल. स्वामींनी तो हात एकदा चाचपून बघितला. मग म्हणाले, "बाई, लिंग गळ्यात बांधू. चालतं."

"न्हाय." ती रडत नव्हती. "साठ वर्षं रोज सकाळी त्या हातावर घेतलंय त्यांनी. त्याच हातावर पायजे. मोकळ्या हातानं मी त्यांला मातीत घालू देणार न्हाय."

"उन्हं चढलीत, बाई. बारापर्यंत वाट बघू. पुढं न्हाय जमणार."

ती वळली, आणि दाराशी उभ्या असलेल्या कल्लप्पाकडं तिनं बघितलं. किती तरी वेळ बघितलं.

"तम्मा," ती हळू आवाजात म्हणाली, "पेटी कुटं हाय?"

"दुकानात."

"चालू हाय?"

लाल दिवा जळत राहिलाय, हे कल्लप्पाला आत्ता आठवलं. त्यानं पायात चपला घातल्या आणि तो निघाला.

---

शटर हात लावू देत नव्हतं इतकं तापलं होतं. त्यानं ते फडक्यानं धरून वर केलं. आत भट्टी झाली होती, आणि त्या भट्टीत आजाऱ्याच्या खोलीचा वास दाटला होता. आता त्यात विभूतीचाही वास होता, आणि ओल्या मातीचा.

टेबलावर लाल दिवा जळत होता. वीस तास झाले होते. व्हॉल्व्ह लालबुंद. आणि हम नव्हता. एवढासा सुद्धा नव्हता.

त्याचा हात बटणाकडं गेला आणि थांबला. हात टेकून कुणी उभं असावं आणि आपण भिंतच काढून घ्यावी, तसं होईल ते. मग तो हात जाईल कुठं? आणि हात ठेवायला तर कल्लप्पानंच सांगितलं होतं.

"अण्णा," कल्लप्पा म्हणाला. "अण्णा, चूक माझी हाय. मीच म्हणालो होतो, हात ठेवून बसा. मी कामात होतो... तुमी खरं मानलं." तो पेटीकडं वाकला. "आता उचला. अक्का वाट बघतीया. लिंग घ्यायचंय हातावर."

लाल दिवा जळत होता. बाहेर ऊन तडतडत होतं.

"हम येईल म्हणून भ्या वाटतंय का? येऊ दे... न्हाईतर असं करू. तुमी सोडा. तुमच्या जागी मी धरतो."

आणि पन्नास वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं केलं. डाव्या हाताचा तळवा त्या झिजलेल्या जागेवर सरळ टेकवला. बोटांवर बोटं.

आधी झिणझिण आली, कोपरापर्यंत. मग गारवा. लोखंड आणि त्याचा तळवा यांच्यामधे काहीतरी होतं, पातळ, थंड, किंचित ओलसर. कल्लप्पानं डोळे मिटले. हात काढायचा नाही, एवढंच तो मनाशी म्हणत राहिला. आणि मग ते निघायला लागलं. आधी करंगळी. मग एकेक बोट, सावकाश, झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून आईनं हात काढून घ्यावा तसं. शेवटी अंगठा.

स्पीकरमधून बारीक हम सुरू झाला.

फोन वाजला. "काका, हात सुटला!" शिवराज रडत होता. "आपोआप... आपोआप उताणा झाला. स्वामींनी लिंग ठेवलं. तुम्ही या लवकर."

कल्लप्पानं सेट बंद केला, डोळे पुसले आणि तो धावत निघाला. रुद्रभूमीत सगळं रीतीनं झालं. बेलाची पानं, विभूती, मीठ. शंकरप्पा मातीत बसला तेव्हा त्याच्या डाव्या तळहातावर लिंग होतं आणि बोटं त्याच्याभोवती हळुवार मिटली होती.

कल्लप्पाचा तळवा पेटीवर टेकलेला असताना सुद्धा हम वाजत होता, ही गोष्ट त्या गडबडीत त्याच्या ध्यानात आली नाही.

---

दुसऱ्या दिवशी त्यानं तो बारका कंडेन्सर बदलला. हम गेला, झिणझिण गेली. पेटी त्यानं स्वतः नेऊन पोचवली. दाक्षायणीनं तबकडी लावली आणि सगळं घर ऐकत बसलं. ज्याला ऐकवायचं होतं तो नव्हता, एवढंच.

पंधराएक दिवस गेले. एका दुपारी धोंडीराम त्यांच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर घेऊन आला. आवाजच येत नाही म्हणाला. कल्लप्पानं एक तुटलेला जोड शोधला, डाग दिला आणि सवयीनं तारेच्या टोकाला डाव्या हाताचं बोट लावलं.

काही नाही.

त्यानं बोट पुसून परत लावलं. स्पीकर गप्प.

"सरका," धोंडीराम म्हणाला आणि त्यानं आपलं बोट लावलं. 'भूंऽऽ'. "वाजतंय की! तुमचंच बोट कच्चं."

कल्लप्पानं उजवं बोट लावलं. 'भूंऽऽ'. डावं लावलं. टोकावर लाकूड ठेवावं तसं, काही नाही.

"डाव्या बाजूचा फ्यूज उडाला म्हणायचा तुमचा," धोंडीराम हसला आणि सेट उचलून गेला.

कल्लप्पा बसून राहिला. मातीच्या दिवसापासून रोज सकाळी पूजेला लिंग तळहातावर ठेवलं की त्याला त्याचं वजन लागत नव्हतं. गारवाही लागत नव्हता. म्हातारपण, असं तो स्वतःला सांगत आला होता.

फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तम्मा," दाक्षायणीचा आवाज खुशीतला होता, पण दबका. "पेटी झकास हाय. एक विचारू?"

"विचारा की, अक्का."

"मी रोज दुपारी त्यांच्या जागेवर हात ठेवून बसते. बंद असली तरी. आत्ता पण बसलीया. तितं ऊब लागतीया रे."

"ऊन येत असंल खिडकीतनं."

"ऊन न्हाय येत हितं. आणि पेटीची ऊब न्हवं ही. हाताची हाय... माणसाच्या." तिनं आवाज आणखी खाली आणला. "ह्यांचा हात तर अखेरीला गार होता की."

कल्लप्पा फोन कानाशी धरून समोरच्या रिकाम्या टेबलाकडं बघत राहिला, आणि डाव्या हाताचं मधलं बोट, आपल्या सवयीनं, लाकडावर चाललं. टक टक.

पलीकडं दाक्षायणीनं श्वास आत ओढला.

"हां... आत्ता बघ," ती कुजबुजली. "आत्ता. माझ्या हाताखाली कुणीतरी बोट वाजवलं... दोनदा."